दिवाणखान्यातील दीपाधिकारी

लाकडी कपाट वस्तू ठेवण्यासाठी असते, असा जो एक ढोबळ समज मनुष्यजातीत फार दिवसांपासून रूढ आहे, तो ज्यांना मान्य नाही अशा सद्गृहस्थांची संख्या आमच्या पुण्यात अलीकडे वाढीस लागली आहे. कपाट, पलंग, टीव्हीचे स्टँड, चपलांचा रॅक, फार काय, मुंजीत पाटांबरोबर आलेला चौरंगदेखील त्यांच्या लेखी एलईडीची पट्टी चिकटवण्यास उपलब्ध असलेली एक कडा, एवढाच असतो. असा गृहस्थ पेशाने विद्युत अभियंता सहसा नसतो. तो बँकेत असतो, एखाद्या सरकारी कचेरीत असतो, किंवा नुकताच सेवानिवृत्त होऊन घरच्यांच्या ताब्यात आलेला असतो. आणि विजेशी त्याचा पूर्वापार संबंध काय तो बिलाविषयी तक्रार करण्यापुरताच असतो.

या व्यासंगाचा उगम काटकसरीत होतो. ओट्यावरच्या कपाटांखाली दिवे बसवण्याचा सुताराने दिलेला अंदाज ऐकून प्रथम संतप्त आणि नंतर स्फुरित झालेला हा गृहस्थ शनिवारी दुपारी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दाखल होतो, आणि तेथून ५ मीटरचे रीळ, १२ व्होल्टचा अडॉप्टर, अ‍ॅल्युमिनियमची चॅनेल, तिच्यावरचे दुधी झाकण, सोल्डर गन आणि तारांचे भेंडोळे असा सरंजाम घेऊन घरी परततो. मीटरला ६० दिवे असलेल्या साध्या पट्टीला मीटरमागे सुमारे ५ वॉट लागतात, म्हणजे सबंध रिळास २५ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर २ अँपिअरांहून किंचित अधिक, हा हिशेब त्याने दुकानदारापुढे तोंडपाठ म्हणून दाखवलेला असतो. तथापि अडॉप्टर मात्र तो ५ अँपिअरचा घेतो, कारण ‘पुढंमागं वाढवायचं झालं तर असू द्यावा’. सगळ्या अनर्थाचे मूळ या शिल्लक अँपिअरांत आहे. ओटा दोन मीटरांत उजळून निघतो. उरलेली पट्टी शोकेसला लागते. पट्टी संपली तरी अडॉप्टरात जीव उरतोच, म्हणून दुसरे रीळ येते, आणि त्यामागोमाग तिसरे. ते जोडल्यावर अडॉप्टर अपुरा पडतो, सबब दहा अँपिअरचा येतो, आणि त्यातही पुन्हा शिल्लक राहते. सुताराचा आकडा या प्रवासात केव्हा ओलांडला गेला, हे प्रकरण दफ्तरी दाखल होऊन कायमचे बंद झालेले असते.

त्याचे ज्ञान पोकळ असते असे मात्र कोणी समजू नये. ही पट्टी मन मानेल तेथे कापता येत नाही. दर तीन दिव्यांनंतर जेथे कात्रीची खूण असेल तेथेच ती छेदावी लागते, कारण ते तिघे एका ओळीत जोडलेले असतात आणि मधला सांधा तुटला तर तिघांपैकी एकही उजळत नाही. हा नियम तो जावयाला अशा काही सुरात सांगतो की, त्यात विजेखेरीज आणखीही काही उपदेश अंतर्भूत असावा, असा त्या बिचाऱ्यास संशय यावा. पत्नी ज्याला ‘पिवळा’ म्हणते त्याला तो ३००० केल्विन म्हणतो, ती ज्याला ‘दवाखान्यासारखा पांढरा’ म्हणते त्याला ६५००. आणि आकडा उतरेल तसा प्रकाश उबदार होतो, हे तिला पटवण्यात त्याच्या अनेक संध्याकाळी खर्ची पडतात. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ सालीच पेटवून दाखवला होता, परंतु निळा हाती येईपर्यंत पांढऱ्याची वाट अडलेली होती, आणि त्या निळ्याकरिता अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले, एवढा इतिहास चहा येईपर्यंत सांगून झालेला असतो. चौथे नाव कोणाचे, हे तो विनयाने अध्याहृत ठेवतो.

त्याचा मुख्य सिद्धान्त असा की, दिवा दिसता कामा नये, प्रकाश दिसला पाहिजे. सिद्धान्त निर्दोष आहे, आणि मला विचाराल तर रसिकतेचाही आहे. अडचण एवढीच की, दिवा दिसत नसल्यामुळे त्यामागचे परिश्रमही कोणास दिसत नाहीत, आणि हे काही त्याला सोसवत नाही. परिणामी घरी येणाऱ्या प्रत्येकास, मग ते व्याही असोत, सोसायटीचे अध्यक्ष असोत, की गॅसचे सिलिंडर घेऊन आलेला इसम असो, दिवाणखान्यातल्या फरशीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून, टीव्हीच्या स्टँडखालील काळोख्या प्रदेशाचा मुलाहिजा करावा लागतो. ‘सांधा दिसतोय का कुठं? नाही ना? मग नीट बघा!’ असे तो वरून बजावत असतो. आणि पाहुणा जे नाही ते पाहण्याची शिकस्त करीत, कंबर धरून, ‘वा, काहीच दिसत नाही’ अशी दाद देतो. मे महिन्यात पाठीमागचा चिकट कागद सैल पडून पट्टी खाली लोंबू लागली म्हणजे सगळेच विनासायास दिसते. पण त्या दिवसांत पाहुण्यांना आमंत्रण नसते.

या अंमलाबाहेर राहिलेला घरात एकच इलाखा होता, तो म्हणजे मातोश्रींचे देवघर. ‘देवाला समई पुरते’ या त्यांच्या निकालावर अपील नव्हते. अखेर बऱ्याच वाटाघाटींनंतर असा तह झाला की, समई अबाधित राहील, वरच्या फळीखाली वीतभर पट्टी लागेल, आणि तिला बटण नसून सेन्सर असेल, म्हणजे मातोश्रींना उठण्याची तसदी पडू नये. आता, हा सेन्सर माणसाला ओळखत नाही. अंगाची ऊब जागची हलली तरच त्याला चाहूल लागते. मातोश्री आसनावर बसल्या की प्रकाश पडतो, आणि जपात मिनिटभर निश्चल झाल्या की तो बरखास्त होतो. यावर त्यांनी स्वतःच तोड काढली असून, उजव्या हातात माळ चालू असताना त्या डावा हात अधूनमधून डोक्यावरून गरकन फिरवतात. शेजारच्या दोघी बायकांनी हा एखाद्या नव्या व्रताचा विधी समजून त्याचे फळ काय, अशी चौकशीही केली. शेवटी तक्रार गुदरली तेव्हा आमच्या दीपाधिकाऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळा रविवार देवघरापुढे घालवला, सेन्सर उघडला, पुसला, पुन्हा बसवला, आणि सायंकाळी जाहीर केले, ‘यंत्र अगदी चोख आहे, आईचंच चित्त फार स्थिर आहे.’