ड्रायव्हरशास्त्री

लॅपटॉपची स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत उजळली की चांगल्या चांगल्या माणसांची गाळण उडते. ड्रायव्हरशास्त्रींना मात्र हुरूप येतो. ज्या तालुक्याच्या गावात फ्लेक्स छापतात, त्या प्रत्येक गावात हे गृहस्थ असतातच. यांचं दुकान नसतं, पाटी नसते. खिशात एक पेनड्राईव्ह असतो, त्यात चार वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर.

प्रसंगही ठरलेला. साहेबांचा वाढदिवस उद्यावर आलेला, फोटोशॉपमध्ये साहेब मोठे आणि खाली गोलात शुभेच्छुकांचे चेहरे, शेजारच्या खुर्चीत कार्यकर्ता बसून "माझा फोटो जरा वर घ्या" म्हणतोय. स्क्रीन मिटते, उघडते, डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवल्याचा निरोप येतो आणि फोटोशॉप साहेबांसकट अंतर्धान पावतं. फाईल सेव्ह केलेली नसते. ती कधीच केलेली नसते.

फ्लेक्सच्या दुकानाच्या शेठचा शास्त्रींना फोन जातो. "शेठ, कशाला हात लावू नका. आलोच."

आल्यावर ते आधी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात घालतात, पोराचा ताप बघावा तसा. मग प्रवचन. ग्राफिक्स कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत ते हललं नाही, तर विंडोज वाट बघत बसत नाही. ड्रायव्हरला पाडून नव्याने उभं करतं. ही सोय व्हिस्टापासूनची. "दोन सेकंद! आपल्या नगरपालिकेत लावा म्हणावं ही सोय," असं म्हणून ते कार्यकर्त्याकडे बघतात. कार्यकर्ता घड्याळाकडे बघतो.

आणि मग उपचार सुरू होतात. लॅपटॉप सेफ मोडमध्ये. वायफाय बंद, नाहीतर सिस्टिम परस्पर आपल्याच पसंतीचा ड्रायव्हर घालून मोकळी होते. डीडीयू नावाचं सॉफ्टवेअर चालवून जुन्या ड्रायव्हरचं नामोनिशाण पुसायचं. गेमवाला ड्रायव्हर नको, स्टुडिओवाला हवा. एनव्हिडियाने डिझाईनवाल्यांसाठी तो २०१९ मध्ये वेगळा काढला, हे ते स्वतःच्या सांगण्यावरून काढल्यासारखं सांगतात. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं, एक साधं, एक दणकट. फोटोशॉपला दणकट नेमून द्यायचं. रजिस्ट्रीत जाऊन दोन सेकंदांचे आठ करायचे. चार्जर डावीकडच्या सॉकेटमधून उजवीकडे. जाळीवर ब्लोअर. शेवटी शाईच्या डब्यांची चार झाकणं घेऊन लॅपटॉप त्यांवर टेकवायचा.

लॅपटॉप चालतो.

कशाने चालला? "सगळ्याने मिळून," शास्त्री सांगतात. इथेच माझं त्यांच्याशी पटत नाही. एक बदल करावा, काम करून बघावं, मग दुसरा, ही साधी रीत. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ड्रायव्हर पडल्याची ४१०१ क्रमांकाची नोंद पहिल्यांदा कधी झाली आणि तिच्या आगेमागे कोणतं अपडेट आलं, एवढं ताडून बघितलं तरी निम्मा उलगडा होतो. शास्त्रींना हे सगळं येतं. पण साहेबांचा वाढदिवस थांबत नाही, आणि एकेक बदल करणाऱ्याची छाप पडत नाही. परिणाम असा की डाव्या सॉकेटमध्ये त्या दुकानात आजही कुणी चार्जर लावत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

माझा संशय ब्लोअरवर आहे. जाळीतून नमद्यासारखा धुळीचा थर निघाला होता. दुकान रस्त्यावर, पंख्याला श्वास घ्यायला जागा नाही, कार्ड तापणार नाही तर काय? पण धूळ म्हटलं की शेठच्या चेहऱ्यावर आठी येते. ड्रायव्हर म्हटलं की दोष थेट परदेशातल्या कंपनीवर जातो आणि सगळे सुटतात. शास्त्रींना माणसंही दुरुस्त करता येतात, ती अशी.

पैसे ते घेत नाहीत. "चहा सांगा," एवढंच. भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र फुकट लागतो, तोही आठ बाय चार, आणि त्यात शुभेच्छुक म्हणून स्वतःचा गॉगल घातलेला फोटो.

तुमच्या गावच्या शास्त्रींना बोलावण्याआधी फाईल तेवढी सेव्ह करा आणि एका मऊ ब्रशने जाळी झाडून बघा. लॅपटॉप सुधारला तर त्यांना कळवू नका. उगाच वाईट वाटून घेतील.