कलम १०१

'किंवा त्याचा भाग.' अमेरिकेत शस्त्रक्रियांची बिलं ज्या कोडांच्या पोथीवरून निघतात, त्या पोथीतले हे तीन शब्द सोन्यात मढवून ठेवण्याच्या लायकीचे आहेत. धड, हात किंवा पाय यांवर पातळ कातडीचं कलम बसवलं की पहिल्या १०० चौरस सेंटीमीटरला कोड १५१००. पुढच्या प्रत्येक १०० चौरस सेंटीमीटरला, 'किंवा त्याच्या भागाला', कोड १५१०१. जखम १०० चौरस सेंटीमीटरची असेल तर एक कोड, १०१ची असेल तर दोन. हा एकशे एकावा चौरस सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढी जागा. पण पंगतीत तो एकटा येतो, मागून येणाऱ्या ९९ भावंडांसाठी पाट अडवून बसतो आणि यजमानाला शंभर पानांचा हिशेब लागतो. कलम आंब्याचं असतं, कायद्याचं असतं आणि लेखणीलाही कलमच म्हणतात. कातडीचं बिल करताना तिन्ही एकदम लागतात, पण भाव लेखणीचा चढा असतो.

यावर येणारा पहिला आक्षेप ठाऊक आहे. मोजमाप म्हटलं की टप्पे आलेच, रिक्षाचा मीटरही असाच पडतो. शिवाय १५१०१चा दर १५१००च्या मानाने बराच कमी, मग एवढं आकांडतांडव कशाला? टप्प्याबद्दल तक्रार नाहीच. पण रिक्षाच्या मीटरला निदान सील असतं आणि रस्ता उतारूलाही दिसतो. इथे शस्त्रक्रियेच्या टिपणात बहुतेक वेळा लांबी लिहितात, रुंदी लिहितात, दोहोंचा गुणाकार करतात आणि त्याला क्षेत्रफळ म्हणतात. शाळेत हे सूत्र आयतासाठी शिकवतात. माणसं आयताकृती भाजत नाहीत. उकळतं तेल मांडीवर सांडलं तर ओघळतं, वाट फुटेल तिकडे जातं, आणि जखमेला कोकण किनाऱ्यासारख्या खाचाखोचा पडतात. खाड्या सोडा, निदान लंबगोल तरी धरा. १२ सेंटीमीटर लांब आणि १० रुंद अशी लंबगोल जखम गुणाकाराने १२० चौरस सेंटीमीटर भरते: दोन कोड. लंबगोलाच्या सूत्राने तीच जखम ९४ भरते: एक कोड. मधले २६ चौरस सेंटीमीटर आयताच्या चार कोपऱ्यांत आहेत. तिथली कातडी धडधाकट आहे, तिच्यावरचे केससुद्धा शाबूत आहेत. न झालेल्या जखमेवर न केलेलं हे कलम हमखास धरतं, एवढी त्याची जमेची बाजू.

मुंबई-पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. जिना, लिफ्ट आणि बिल्डरची मर्जी मिळून जो सुपर बिल्टअप व्हायचा, तोच हा. फ्लॅटच्या बाबतीत २०१६च्या कायद्याने कार्पेट एरियावर विक्री सक्तीची केली. कातडीला तो कायदा लागू नाही. काढलेली कातडी यंत्रातून जाळीदार करून दीडपट, तिप्पट ताणतात आणि बिल मात्र ताणून झाकलेल्या जखमेच्या मापाने होतं, यात मी खोट काढणार नाही. काम जखमेवर होतं, तेव्हा जखमच मोजावी. मग जखमच मोजा ना, तिच्याभोवतीचं कुंपण कशाला मोजता?

मोजणी झाली की महसूल खातं सुरू होतं, कारण पोथीने शरीराचे तालुके पाडलेले आहेत. पातळ कलमासाठी धड, हात आणि पाय हा एक तालुका. चेहरा, डोक्याची कातडी, पापण्या, कान, मान, हाताचे पंजे आणि पावलं हा दुसरा, कोड १५१२०. एका तालुक्यातल्या जखमांची बेरीज करायची, त्यामुळे पाठीवरची आणि पोटरीवरची जखम जन्मात एकमेकींना भेटल्या नाहीत तरी सातबाऱ्यावर एकत्र नांदतात. उलट कोपरापासून बोटांपर्यंत सलग भाजलेल्या हाताला मनगटावर जकात नाका लागतो. नाक्याच्या अलीकडे ६० चौरस सेंटीमीटर, पलीकडे ६०. ही १२० सगळी कोपर ते मनगट एवढ्यातच असती, तर एक 'पहिले १००' आणि एक 'पुढचे'. नाका ओलांडला म्हणून दोन्हीकडे 'पहिले १००', एका वर्गात दोन पहिले नंबर, आणि दोघे जुळे नसून वेगळे आहेत हे विमावाल्याला पटवायला ५९ नावाची शेपटी. पंजाचं काम नाजूक असतं, सांधे हलते ठेवावे लागतात, म्हणून तिथला दर चढा, हे पटण्यासारखं आहे. तालुके कामाच्या अवघडपणावर बेतले आहेत हा बचाव मी मान्यही केला असता, डोक्याची कातडी आडवी आली नसती तर. पातळ कलमात ती चेहऱ्याच्या तालुक्यात आहे. कलम पूर्ण जाडीचं झालं की तालुक्यांची पुनर्रचना होते. मोजणीचा टप्पा १०० वरून २० चौरस सेंटीमीटरवर येतो, नाक-कान-पापण्या-ओठ यांचा स्वतंत्र तालुका निघतो, कपाळ आणि गाल पंजा-पावलांशी संसार थाटतात आणि डोक्याची कातडी थेट हातापायांकडे वर्ग होते. डोकं तेच, माणूस तोच, पण सुरी जरा खोल गेली की टाळूची बदली होते. दहा वर्षांखालच्या मुलांना पातळ कलमात चौरस सेंटीमीटरऐवजी अंगाच्या १ टक्क्याचं माप आहे. तान्ह्या बाळाचं अख्खं अंग दोन-अडीच हजार चौरस सेंटीमीटरचं, तेव्हा हा नियम शहाणपणाचाच. फक्त दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री फटाक्याने भाजलेल्या पोराचं ऑपरेशन केक कापण्याआधी करायचं की नंतर, एवढं कोणीतरी सांगावं.

ही सगळी झाली माणसाच्या स्वतःच्या कातडीची गोष्ट. आता ठिगळं घ्या. वारेतल्या पातळ आवरणाची, गाई-डुकरांच्या ऊतींची, अगदी माशाच्या कातडीची ठिगळं न भरणाऱ्या जखमांवर लावतात, आणि योग्य जखमेवर योग्य ठिगळ उपयोगी पडतंही. त्यात लावण्याचे पैसे निराळे आणि ठिगळाचे निराळे. ठिगळाचे चौरस सेंटीमीटरला इतके. पाकीट ठरावीक मापाचं येतं, उरलेला तुकडा टाकून देतात आणि त्या टाकलेल्या तुकड्याचंही बिल होत असे: जेडब्ल्यू ही दोन अक्षरं लावली की कचरा मंजूर होई. काहीच टाकलं नाही असं सांगायलाही २०२३पासून दोन अक्षरं लागू लागली, जेडझेड. म्हणजे कचऱ्याला कोड आणि कचरा नसण्यालाही कोड. जखम भरली का, हे सांगायला मात्र या दोन अक्षरांच्या गर्दीत जागा झाली नाही. अमेरिकेत सार्वजनिक पैशातून या ठिगळांवर २०१९मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले. २०२४मध्ये हा आकडा १००० कोटींच्या पुढे गेला. पाच वर्षांत त्या देशातल्या म्हाताऱ्यांच्या पायांवरच्या जखमा चाळीसपट झाल्या असं कोणी म्हणणार असेल तर त्याने पुढे येऊन म्हणावं. ज्याच्या विम्यात २० टक्के पदरचे घालायचे असतात, तो मधुमेही म्हातारा कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या तुकड्याचेही २० टक्के भरत होता. याला विनोद म्हणवत नाही. २०२६पासून बहुतेक ठिगळांना चौरस सेंटीमीटरमागे सुमारे १२७ डॉलर असा एकच दर बांधला गेला. दर बांधला, ठीक झालं. पण पट्टी अजून त्याच्याच हातात आहे ज्याला पट्टीवर पैसे मिळतात.

मग कोडच नकोत का? हवेत. आपल्याकडे पॅकेजच्या नावाखाली 'अंदाजे इतके होतील' म्हणतात तेव्हा त्यात लांबीही नसते आणि रुंदीही. त्यापेक्षा खोटा आयत बरा, कारण तो निदान तपासता येतो. आणि कोड लावणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यातले कितीतरी जण पुण्यात किंवा नवी मुंबईत रात्रपाळीला बसून सातासमुद्रापारच्या ऑपरेशनचं टिपण वाचतात. 'लिहिलं नाही ते केलं नाही' हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्याचा उलटा अर्थ असा की लिहिलं ते केलंच. समोर १२ गुणिले १० आहे, उत्तर १२० आहे, त्यांचं गणित बरोबर आहे. चूक रोग्याच्या अंगावर आहे आणि ते अंग त्यांना कधी दिसत नाही. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कड गिरवायची आणि चौकोन मोजायचे, ही पद्धत जुनी आहे. आता फोटोवरूनही माप निघतं. याला वेळ नाही, हा शेवटचा आक्षेप. ५९ लिहायला वेळ आहे, जेडब्ल्यू लिहायला होता, जेडझेड लिहायलाही होता.

राहिली मांडी. कलमासाठी तिच्यावरून मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड कातडी सोलून काढतात. कलम बसवलेल्या जागेपेक्षा कातडी काढलेली जागाच जास्त ठणकते, असं पुष्कळ रोगी सांगतात. ती भरायला दोनेक आठवडे जातात. तिची मलमपट्टी १५१००मध्येच धरलेली आहे. तिची लांबी-रुंदी बिलाला लागत नाही, चार कोपऱ्यांचा मान तिला नाही. पोथीत तिच्यासाठी एक वाट मात्र ठेवली आहे. ती जागा बंद करायला तिच्यावरही कलम करावं लागलं, तर त्याचं बिल वेगळं होतं: पहिले १००, पुढचे १००, किंवा त्याचा भाग.