पॉइंटरवाला

निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये गर्दी होते ती पॉइंटरवाल्याच्या खोलीत. प्रत्येक बॅचमध्ये असा एक असतोच. स्वतःचं जर्नल हा सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढतो, पण दुसऱ्याची मार्कशीट दिसली की कॅसिओवर त्याची बोटं अशी पडतात, की किराणा दुकानातल्या शेठजींनीही वही मिटावी.

"मॅथ्सला सी आलाय," गिऱ्हाईक सांगतं, "पण दोन्ही लॅबना ओ! पाच, दहा, दहा. या तिघांचा ८.३३ झाला ना?"

"आणि क्रेडिट काय शेजारचा धरणार? मॅथ्स चार क्रेडिटचा, लॅब एकेकाच्या. चार पंचे वीस, वर दहा नि दहा. चाळीस भागिले सहा. ६.६७."

गिऱ्हाईक खाटेवर बसतं. लॅबमधल्या सरांना वर्षभर घातलेले नमस्कार एकेका क्रेडिटचेच होते, हे तेव्हा कळतं.

केटीवाल्यांशी तो जरा हळू बोलतो. "एफचे गुण शून्य. पण क्रेडिट भागाकारात खाली तसेच बसून राहतात रे, उठत नाहीत." मात्र सगळ्या सेमिस्टरचे पॉइंटर मिळवून सरळ आठाने भागणारा कुणी आला, तर त्याला तो दारातूनच परत पाठवतो. सेमिस्टरचे क्रेडिट सारखे नसले तर सीजीपीए असा निघत नाही, हे त्याने पहिल्या वर्षापासून सांगितलेलं असतं.

खरी कसोटी घरून फोन आला की. पोरगा फोन सरळ याच्या हातात देतो.

"टक्के किती झाले रे? दहाने गुणायचं ना?"

"नाही काका."

"मग साडेनऊने? आमच्या थोरलीला दहावीला सीबीएसईने तसंच सांगितलं होतं."

"ते शाळेचं. एआयसीटीईच्या सूत्रात पॉइंटरमधून आधी पाऊण वजा करायचा, मग दहाने गुणायचं. ५९.२."

कॅम्पसला येणाऱ्या कंपनीची अट ६० टक्क्यांची. खोलीत शांतता. पॉइंटरवाला तेवढ्यात दुसरा हिशेब मांडतो: मॅथ्सचा सी रिव्हॅल्युएशनमध्ये बी झाला, तर चोवीस अधिक वीस, भागिले सहा, ७.३३, म्हणजे ६५.८ टक्के. "फोटोकॉपीचा फॉर्म भर. उद्या शेवटची तारीख."

फोन चालूच असतो.

"ते ठीक आहे," काका म्हणतात, "पण तो पाऊण गेला कुठे?"

पॉइंटरवाला फोन ज्याचा त्याला परत देतो.