तेवीस फूट मागे

नात्यात कुणाचं लग्न जमवायचं असलं की स्थळाला पाठवायचा फोटो मी काढतो. मानधन एक कप चहा. जमलं तर पोरगी मुळातच देखणी असते, फिसकटलं तर फोटो वाईट असतो. लागोपाठ तीन फिसकटली, तेव्हा कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्सच पनवती आहे, अशी माझी खात्री झाली.

संभाजीनगरच्या भाच्याने त्याची ८५ एमएम, एफ १.८ वापरायला दिली. "मामा, मागचं सगळं विरघळून जातं बघा." आमच्याकडे मागचं म्हणजे कूलर आणि मक्याची पोती. विरघळलेलंच बरं.

पण माझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ८५ची लेन्स सव्वाशेच्या वर जाऊन बसते. पुतण्या डोक्यापासून बुटापर्यंत मावायला तेवीस फूट मागे जावं लागलं, आणि खोली दहा फुटांची! मी ओटा उतरलो, गल्ली ओलांडली, समोरच्यांच्या तुळशीआड दबा धरून बसलो. काकू घाबरून बाहेर आल्या. "कामून लपलात? गौताळ्यातला बिबट्या आला काय?" तेवढ्यात मधून अद्रकाचा टेम्पो गेला. एका फोटोत ड्रायव्हर फार छान आलाय.

मग मावसबहिणीचा चेहरा. दोन मीटरवरून एफ १.८ला जेमतेम चार सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. मावशीने फोटो न्याहाळला. "नथ झकास आलीय. पोरगी कुठंय?"

१८४० साली जोसेफ पेट्झवालने खास पोर्ट्रेटसाठी भिंग गणिताने आखलं, म्हणून खुर्चीतल्या माणसाची मिनिटंच्या मिनिटं पुतळा होण्यातून सुटका झाली. मावशीला फोटोपुरतं गप्प बसवणारं भिंग मात्र त्यालाही सुचलं नाही.

रात्री जुने फोटो उघडून बसलो. कुठला फोटो किती एमएमला, किती एफला काढलाय, हे त्याच्या पोटातच लिहिलेलं असतं. चेहरे सगळे ५०-५५च्या आसपास, एफ ५.६, दिवेलागणीला काढलेले. म्हणजे अडलं होतं ते उजेडापाशी. ८५पेक्षा पुष्कळ स्वस्त ५० एमएम, एफ १.८ घेतली, तर त्याच जागेवरून जवळपास दहापट उजेड! मी हिला हिशेब मांडून दाखवला.

"चार वाजता दार उघडं ठेवून काढा की," ही म्हणाली. "उजेडाला कुठं पैसे पडतात?"

दुसऱ्या दिवशी बहिणीला उंबऱ्याशी बसवलं, तीच पनवती लेन्स लावली आणि पोती हाताने हलवली. ५०ची मी घेणारच आहे. पावसाळ्यात दार लावावं लागतं. पण पंधरवड्यात सुपारी फुटली. पेढा माझ्या हातावर ठेवत मावशी पाहुण्यांना सांगत होती, "पोरगी मुळातच देखणी हो आमची."