आमच्या पापांचे हिशेबनीस, गेम मास्टर महाराजांस

परमपूज्य गेम मास्टर महाराजांच्या चरणी,



गेल्या रविवारी आपण आपली वही उघडलीत आणि माझ्या जेडाय शिष्येची मोरॅलिटी २८ वर आल्याचं जाहीर केलंत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र. आकडा ३० च्या खाली गेला की पात्र अंधाऱ्या बाजूचं झालं, असा ‘फोर्स अँड डेस्टिनी’ या आपल्या ‘स्टार वॉर्स’ भूमिका-खेळाचा नियम. माझ्या पात्राचं अधःपतन झालं आणि मला ते टेबलावरच्या बाकीच्या मंडळींबरोबरच कळलं. तिला वाईट वागण्याचे कष्ट पडू नयेत आणि मला तसं ठरवण्याचे, याची आपण किती काळजी घेतलीत!

पत्र खुलं आहे, चार लोक वाचतील, म्हणून मूळ नियम सांगते. आपल्याला ते पाठ असणारच. फँटसी फ्लाइट गेम्सच्या २०१५ च्या या पुस्तकात प्रत्येक फोर्सधारी पात्र साधारणपणे ५० वर सुरू होतं. वाईट वागलं की कॉन्फ्लिक्ट जमा होतो: स्वार्थासाठी खोटं बोललं तर १, कुणाचा छळ केला तर १०. सेशन संपलं की दहा बाजूंचा फासा टाकायचा. कॉन्फ्लिक्टपेक्षा कमी पडला तर जितका फरक तितकी मोरॅलिटी घटते, जास्त पडला तर तितकी वाढते. आणि कॉन्फ्लिक्ट देण्याआधी गेम मास्टरने खेळाडूला बजावायचं असतं, की बाई गं, हे करशील तर भोगावं लागेल.

हा शेवटचा भाग आपण उदार मनाने रद्द केलात. सावध करण्याची कटकट नको, म्हणून सगळा हिशेब आपल्या वहीत आणि फासाही आपल्याच पडद्याआड. चित्रगुप्तसुद्धा माणूस मेल्यावर का होईना, वही वाचून दाखवतो. आपण तर तेवढीही तोशीस घेतली नाहीत. थेट निकालच लावलात.

त्याहून मोठे उपकार त्या पुलावरचे. ते विसरणं मला शक्य नाही.

पूल तुटला होता. मेकॅनिकचा मुलगा लोखंडी कठड्याला एका हाताने लटकत होता. माझी शिष्या दहा पावलांवर. मी फोर्सचा फासा टाकला आणि एक काळा ठिपका आला.

या फाशावर माझा जीव आहे, महाराज, म्हणून इथे थोडं थांबते. त्याला १२ बाजू. ७ बाजूंवर काळे ठिपके, ५ बाजूंवर पांढरे. पण ठिपके मोजले तर काळे ८ आणि पांढरेही ८, कारण पांढऱ्या पाचांपैकी तीन बाजूंवर दोन-दोन ठिपके आहेत आणि काळ्या सातांपैकी एकाच बाजूवर. म्हणजे काळी शक्ती वारंवार हाताशी येते. पांढरी कमी वेळा येते, पण आली की बहुधा दुपटीने. नवशिक्या पात्राला असा एकच फासा मिळतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा समोर काळाच ठिपका पडतो. काळ्याला हात लावला नाही तर शक्ती वाया गेली. लावला तर एक डेस्टिनी पॉइंट उजेडाकडून अंधाराकडे उलटतो, पात्राला स्ट्रेन, म्हणजे ताण, बसतो आणि वर ठिपक्यामागे १ कॉन्फ्लिक्ट. ज्याने हा फासा आखला त्याने मोह म्हणजे काय हे एका चिमुकल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात बसवून दाखवलं आहे. मी इतकी वर्षं रविवार मोकळा ठेवते तो त्या तुकड्यापायी.

तर मी त्या काळ्या ठिपक्याकडे बघत होते. मुलाचा हात सुटत होता. टेबलावर कुणी बोलत नव्हतं. आणि आपण चिवड्याची वाटी पुढे सरकवत म्हणालात, “घे गं, हेतू चांगला आहे ना? मग काही लागत नाही.” हा आपला हाउस रूल: भल्या हेतूने वापरलेला काळा ठिपका फुकट.

किती हा कनवाळूपणा! मुलगा वाचला, मला काही मोजावं लागलं नाही, त्यामुळे मी काही दिलंही नाही. कुणासाठी स्वतःचं काही पणाला लावण्याची संधी त्या संध्याकाळी माझ्या पात्राला पहिल्यांदा मिळाली होती. ती आपण फरसाणाबरोबर संपवलीत. त्यानंतर मी दर वेळी काळा ठिपका बिनदिक्कत उचलत गेले. का नाही उचलणार? फुकट होता ना.

आणि रविवारी कळलं, की त्यातला एकेक ठिपका आपण वहीत मांडत होतात. तारीखवार. पुलावरच्या त्या मुलासकट.

आपली न्यायबुद्धी सगळ्यांना सारखी लागू नाही, हेही कृतज्ञतेने नोंदवते. आमच्यातले दुसरे जेडाय, आपले जिवलग मित्र, यांनी बांधून ठेवलेल्या इंपीरियल अधिकाऱ्याची बोटं एकेक करून मोडली. पुस्तकात त्याचे १० होतात. आपल्या वहीत तिथे कोरी ओळ. विचारलं तर म्हणालात, “कथेची गरज होती.” मी जीव वाचवला ते पाप, त्यांनी बोटं मोडली ती कथा.

प्रायश्चित्ताची सोयही आपण केली आहे. देवळाला ५०० क्रेडिट दिले की मोरॅलिटी ५ ने वर. म्हणजे पुढच्या चोरीच्या पैशातून मागची चोरी धुऊन निघते. पुस्तकात मोरॅलिटी वर चढते ती नीट वागून, सेशनमागून सेशन, फाशाच्या कृपेने थोडी-थोडी. एवढा वेळ कुणाला आहे, नाही का?

आपण म्हणालात, जुन्या खेळात तर याहून कडक होतं. खरं आहे. वेस्ट एंड गेम्सच्या १९८७ च्या खेळात दुष्कृत्याला डार्क साइड पॉइंट मिळे. मिळाला की सहा बाजूंचा फासा टाकायचा. जमलेल्या पॉइंटांपेक्षा कमी पडला तर पात्र हातचं गेलं, ते गेम मास्टरचं. कडकच. पण तिथेही आधी सावध करण्याची रीत होती, पॉइंट किती झाले ते खेळाडूला ठाऊक असे, आणि आपण कशावर फासा टाकतो आहोत हे कळून हात थरथरे. आपण त्यातली जप्ती तेवढी उचललीत.

“कथेत धक्का हवा होता,” हे आपलं अखेरचं म्हणणं. महाराज, ज्या सिनेमांमुळे आपण सगळे या टेबलाशी आलो ते आठवा. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये ल्यूक रागाच्या भरात वेडरचा हात तोडतो. तोडलेल्या मनगटातल्या तारा बघतो, मग स्वतःचा हातमोज्यातला यांत्रिक हात बघतो, आणि तलवार फेकून देतो. तो नाही म्हणू शकला, कारण आपण कुठे निघालो आहोत ते त्याला दिसलं. पुढे वेडर होणाऱ्या ॲनकिनचंही तेच. टस्कनांची वस्ती कापून आल्यावर आपण काय केलं ते तो स्वतःच्या तोंडाने पाद्मेला सांगतो. त्याला कळत होतं आणि तरीही तो जात राहिला, म्हणून तर पोटात कालवतं. न कळत पडलेला माणूस बिचारा असतो. त्याची शोकांतिका होत नाही.

मला माझ्या शिष्येला पाडायचंसुद्धा होतं, हे आपल्याला माहीत आहे का? तिची दुर्बलता मी ‘क्रोध’ लिहिली होती. एक दिवस ती चुकीच्या माणसावर हात उगारेल, मी ‘हो, घेते काळा’ म्हणेन, आणि टेबलावरचे सगळे मला थांबवायला बघतील, अशी आशा होती. आता ती पडली, तर आपल्या अक्षरात.

तेव्हा चरणी एवढीच प्रार्थना. वही टेबलाच्या मधोमध उघडी ठेवावी. सेशनअखेरचा फासा ज्याचा त्याने, सगळ्यांसमोर टाकावा. मोडलेल्या बोटांचे १० आजच्या तारखेने लिहावेत. देवळाची दानपेटी बंद करावी. काळ्या ठिपक्याची पूर्ण किंमत लावावी, पुलावरच्या त्या मुलासाठीसुद्धा. ती मी तेव्हाही दिली असती.

हे मान्य असेल तर येत्या रविवारी माझी शिष्या २८ वरूनच सुरू करेल. मोरॅलिटी मागे घ्या, असं मी म्हणत नाही. मान्य नसेल, तर तिचा कागद आपल्याकडेच आहे, तो ठेवून घ्यावा. फोर्सचा फासा मात्र माझा आहे, तो परत हवा.

कळावे, लोभ असावा.

आपल्या वहीतील एक नोंद