शीघ्र व्याकरण

१८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी त्या विषयाचा शास्त्रीय विस्तार केला. परंतु अखिल भाषा चार रंगीत कळांत मावते, हा मूलगामी शोध त्या उभयतांस लागू नये, हे आपल्या वाङ्मयाचे दुर्दैवच म्हणावयाचे. ते न्यून नॉर्वेत जन्मलेल्या ‘कहूट’ नामक खेळाने २०१३ पासून भरून काढले आहे. समोरच्या पडद्यावर ‘पंचवटी’चा समास विचारला जातो, विद्यार्थ्याच्या हातातील यंत्रावर, मूळ रीतीनुसार, लाल त्रिकोण, निळी चौकट, पिवळे वर्तुळ आणि हिरवा चौरस एवढेच उमटते, अक्षराचा विटाळ होत नाही. उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते सत्वर यावे लागते. विचार करीत बसणाऱ्याचे गुण क्षणाक्षणाने कापले जावेत, ही न्यायबुद्धी तर केवळ वंदनीय होय.

असे असता ही सुधारणा वर्गापुरतीच का राहावी? निबंधाऐवजी चार तयार निबंध पुढे ठेवावेत, कवीस प्रतिभेसाठी वीस सेकंदांची मुदत घालून द्यावी, आणि वक्तृत्वस्पर्धेत वक्त्यांनी मौन पाळून त्रिकोण दाबावेत, अशी सविस्तर तजवीज सुवाच्य अक्षरांत लिहून आम्ही सरकारदरबारी रुजू केली. तिसऱ्याच सेकंदास साहेबांचा शेरा पडला: ‘मंजूर’. लखोटा अद्याप फोडावयाचा होता; पैकीच्या पैकी गुण अर्थातच साहेबांस मिळाले.