चालती जीप कशी खोलावी

ज्याच्या दारात एखादी म्हातारी, कुरकुरणारी, पण सकाळी चावी फिरवली की सुरू होणारी फोर-व्हील ड्राइव्ह जीप उभी आहे, अशा सुखी गृहस्थासाठी हे मार्गदर्शन आहे. बंद पडलेली गाडी कोणीही खोलतो; तो गरजेचा मामला. चालती गाडी खोलून बारा वर्षं अंगणात बसवून ठेवायची, तर मात्र नियोजन लागतं. प्रस्तुत लेखकाने ते १९८८ सालच्या महिंद्र एमएम ५४० वर, कोल्हापुरात, स्वखर्चाने केलेलं आहे.

पायरी पहिली : निमित्त शोधणे

मोठ्या कामाला निमित्त बारीक असावं. आमच्याकडे ट्रान्स्फर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून रात्रभरात तीन-चार थेंब गळत. शहाबादी फरशीवर रुपयाएवढा डाग पडे. आमच्या सौ.नी त्याखाली ॲल्युमिनियमची एक चेपलेली परात सरकवली आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पुरुषाच्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो.

सील बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पण अर्ध्या दिवसाच्या कामासाठी कोणी नवी वही आणत नाही. म्हणून मिस्त्रींना गाठून एवढंच म्हणावं, "आता एवढं खोलतोच आहोत, तर..." वाक्य पूर्ण करू नये. ते पुढची बारा वर्षं आपोआप पूर्ण होत राहतं. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना मी विचारलं, काम साधारण कितीचं होईल? ते हात पुसत म्हणाले, "मालक, उघडल्याबिगर काय सांगू? आन् उघडल्यावर मला इचारू नका."

पायरी दुसरी : इतिहास पाठ करणे

घरच्यांपुढे खर्चाचं समर्थन करायला इतिहासासारखा आधार नाही. जेवताना सहज सांगावं, की दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली आणि त्याच सुमारास विलीसच्या जीपा इथे जुळवल्या जाऊ लागल्या. तात्पर्य, एक मोठा पार्ट बदलला तरी 'एम अँड एम' हे पाटीवरचं नाव तेच राहिलं. आपण जीपचं तेच करणार आहोत, असं सांगून आमटी वाढून घ्यावी.

पायरी तिसरी : वही

दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची वही घ्यावी. तिच्यात तीन रकाने आखावेत : मिस्त्रींनी सांगितलेला आकडा, प्रत्यक्ष गेलेला आकडा आणि घरी सांगितलेला आकडा. तिसरा रकाना पेन्सिलीने भरावा. शेवटी 'किरकोळ' असा एक मथळा ठेवावा. आमच्या वहीत इंजिनाला चार पानं लागली, किरकोळला एकवीस.

पायरी चौथी : रंग आधी ठरवणे

अनुभवी माणसं सांगतील, की आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग. त्यांचं ऐकू नये. त्यांची कामं लवकर संपतात. आपण सुरुवात रंगापासून करावी. जीप म्हटल्यावर मनात एकच रंग येतो, लष्करी हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की तो ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. हे आपल्याला रंगाचे डबे आणल्यावर कळावं. ते डबे पुढे गच्चीच्या लोखंडी जिन्याला कामी येतात. आमचा जिना आजही सीमेवर तैनात असल्यासारखा दिसतो.

पायरी पाचवी : खोलणे

हा सर्वांत आनंदाचा टप्पा. दोन रविवारांत संपतो.

प्रथम डाव्या बाजूचं चाक काढायला घ्यावं. पान्यावर उभं राहून, उड्या मारून नट सुटत नाही, उलट घट्ट होत जातो. मग शेजारचे निवृत्त एस.टी. ड्रायव्हर काका कुंपणावरून सांगतात, की जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. ते हे पहिल्या उडीपासून बघत होते.

नट-बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवावी. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या आदर्श असतात : 'गिअरबॉक्स ते बेल हौजिंग, वरचे दोन लांब'. चौथ्या दिवशी 'पुढचा, बहुतेक डावा' असं येतं. शेवटच्या डब्यावर माझ्याच अक्षरात 'हे कुठले?' असं लिहिलेलं आहे. तो डबा अजून भरलेला आहे आणि जीप त्याच्याशिवाय चालते.

बॅटरी धरायला घरातलं मूल घ्यावं. आमचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. "उजेड माझ्या हातावर पाड, बेडकावर नको," हे वाक्य आमच्या घरात त्याच काळात रुळलं.

पायरी सहावी : गंजाशी ओळख

सांगाडा उघडा पडला, की हातोडीने ठोकत फिरावं. 'खण' वाजलं तर लोखंड आहे. 'थप' वाजलं तर लोखंड होतं. मागच्या आडव्या पट्टीवर आमची हातोडी वाजलीच नाही. ती आत गेली.

मग टबावर चुंबक फिरवावं. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नसून आधीच्या मालकाने भरलेली लांबी असते. आमच्या जीपची उंची-रुंदी कंपनीची निघाली. लांबी मात्र डेंटरची.

दरम्यान बॉनेट सुटं करून अंगणात टेकवलेलं असतं. जीपचं बॉनेट बरंचसं सपाट असतं आणि उन्हात छान तापतं. त्यावर पहिल्या उन्हाळ्यात कुरडया आल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात सांडगे. तिसऱ्या वर्षी मी ते रंगायला न्यायला गेलो, तर "आता एवढे वाळू देत," असं उत्तर आलं. वहीत त्या वर्षापुढे 'बॉनेट उपलब्ध नाही' अशी नोंद आहे.

पायरी सातवी : सुटे भाग मिळवणे

नियम असा, की हवा तो पार्ट मिळत नाही आणि मिळालेला पार्ट सोडवत नाही. पुण्याची नाना पेठ, जुना बाजार आणि मुंबईचं कुर्ला या तीर्थयात्रा कराव्यातच. दुकानदार जुना पार्ट हातात घेतो, वजन करतो आणि म्हणतो, "असा आता येत नाही." मग आतून तसाच आणून देतो.

मागचा अख्खा ॲक्सल स्वस्तात मिळाला तर मात्र थांबावं आणि दात मोजावेत. क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात असतील, तर गुणोत्तर साधारण ४.८८. क्राऊनला ४३ असतील, तर ५.३८. पुढचा ॲक्सल एका जातीचा आणि मागचा दुसऱ्या जातीचा लावून फोर-व्हील टाकलं, तर पुढची चाकं एका वेगाने फिरू बघतात, मागची दुसऱ्या, आणि भांडण ट्रान्स्फर केसमध्ये जातं. आम्ही दात घरी आणल्यावर मोजले. तेव्हा त्रेचाळीस भरले. पुन्हा मोजले, तरी त्रेचाळीसच. तो ॲक्सल आता तुळशीवृंदावनाच्या मागे बाक म्हणून वापरात आहे. बसायला दणकट आहे.

पायरी आठवी : इंजिन

एमएम ५४० ला प्यूजो घराण्याचं २११२ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन येत असे. ते खोलण्याआधी त्याच्या धुराचा रंग बघायचा असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर आणि पंप-नोझल बघावं. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी. आम्ही ही माहिती इंजिनाचे तुकडे पोत्यात भरल्यावर मिळवली. त्यामुळे आमचं इंजिन कोणत्या रंगाचं होतं, यावर घरात मतभेद आहेत. सौ. म्हणतात, धूर नव्हताच.

क्रँक घासायला दिली, की लेथवाला 'दहा थाव', 'वीस थाव' असं बोलतो. थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढ्या बारीक मापाने काम चाललं असताना इंजिन दीड वर्ष परत येत नाही, याचा आपण मेळ घालू नये.

पायरी नववी : कागद

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि हरित कर. सुटी केलेली जीप तपासणीला नेता येत नाही, म्हणून तारीख चुकते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आधी वाचलं, तर योजना पुष्कळ आटोपशीर होते. कंपनीच्या मूळ वर्णनाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावलं. आमच्या वहीतली मोठं इंजिन, रुंद टायर आणि कापलेली चासी ही अठरा पानं त्या दिवशी फाडली. अख्ख्या योजनेतली ही एकमेव बचत.

चासीवर कोरलेला नंबर जपावा. बाकी सगळं बदलून झाल्यावर, ही तीच जीप आहे असं सरकारला सांगणारा तेवढाच एक साक्षीदार उरतो. त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते. तो आकडा कागदावर उमटला, तेव्हा मी बारा वर्षांत प्रथमच जीपला नीट ओळखलं.

'व्हिंटेज' म्हणून नोंद करावी, असा मोह होईल. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची हवी. मग २० हजार रुपये भरून नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. आमची पन्नाशी २०३८ मध्ये भरेल, तोवर कामही पुरेल असा माझा हिशोब होता. पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत भारी फेरफार झालेले नसावेत, अशीही अट आहे. म्हणजे ज्याने काहीच केलं नाही, त्याचा सन्मान.

पायरी दहावी : जोडणी

खोलण्याच्या उलट क्रमाने जोडावं, असं पुस्तकात एका ओळीत असतं. ती ओळ आम्हाला पाच वर्षं पुरली.

जीप सुरू झाली, तेव्हा मिस्त्रींच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि बॅटरी धरणारा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी उत्साहाने डांबरी रस्त्यावरच फोर-व्हीलचा दांडा ओढला. तो मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाला, "बाबा, इथे नको. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात. चिखलात ती घसरून हिशोब मिटवतात, डांबरावर सगळा ताण शाफ्टवर येतो." मी दांडा परत ढकलला. तो बराच वेळ सुटला नाही. मग गाडी थोडी मागे घेतल्यावर सुटला.

त्या रात्री जीप बारा वर्षांनी पुन्हा आपल्या जागी, शहाबादी फरशीवर उभी राहिली. वहीच्या शेवटच्या पानावर मी 'काम पूर्ण' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली.

सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग होता.

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "नवं सील हाय मालक, बसंल हळूहळू. नाहीतर एकदा उघडून..." मी फोन ठेवला.

मागे वळलो, तर सौ. माळ्याच्या शिडीवरून उतरत होत्या. हातात तीच चेपलेली परात होती, पुसून लख्ख केलेली. त्यांनी ती पायाने जीपखाली सरकवली, बरोबर जागेवर, आणि चहा टाकायला आत गेल्या.